तीन पेन्स

पाय जपून टाका. रात्री पाऊस पडून गेलाय आणि इथली लाल माती बुटाला चिकटून राहते. गावाचं नाव कल्पेपर. व्हर्जिनिया अजून इंग्लंडच्या राजाची वसाहत आहे, 1769 साल सरत आलंय, आणि समोर दिसतोय तो तुरुंग. गजांआडून एक माणूस मोठमोठ्याने बोलतोय आणि बाहेर चिखलात उभी राहून माणसं ऐकताहेत. गोरे शेतकरी, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं. त्यांच्यापासून चार हात दूर, झाडाखाली दाटीवाटीने, गुलाम काळी माणसं.

आतल्याचं नाव जेम्स आयर्लंड. मूळचा स्कॉटलंडचा, इथे शाळामास्तर होता. मग बॅप्टिस्ट झाला आणि उपदेश करत गावोगाव हिंडू लागला. गुन्हा तेवढाच. सरकारी परवाना न घेता त्याने बायबल समजावून सांगितलं. परवाना खटपट केली तर मिळतो. पण इथल्या पुष्कळ बॅप्टिस्टांचं म्हणणं असं, की देवाबद्दल बोलायला सरकारची परवानगी मागितली की सरकार देवाच्या वर जाऊन बसलं. तेव्हा मागायचीच नाही, तुरुंगात जायचं.

आता मागे सरका, भिंतीला टेकून उभे राहा. टापा ऐकू येताहेत ना? ही गावची भली माणसं. ती गर्दीत घोडे घालतात. गोरे पांगतात. काळ्यांना पकडून, कपडे उतरवून, चाबकाने सोलून काढतात. आयर्लंडने पुढे आपल्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलं: तुरुंगाच्या जमिनीखाली बंदुकीची दारू ठासून त्याला उडवून द्यायचा प्रयत्न, गंधक आणि मिरची जाळून आत सोडलेला धूर, बोलत असताना गजांतून तोंडावर केलेली लघवी. आणि हा गडी मित्रांना पत्र लिहायला बसला की पत्त्याच्या जागी कल्पेपरमधला आपला राजवाडा असं टाकतो.

धर्म आणि राज्य वेगळं ठेवण्याची गोष्ट आपल्याकडे सहसा नास्तिकांपासून सुरू करतात: युरोपातले बंडखोर विचारवंत, पुस्तकं, सलोन. मी तुम्हाला मुद्दाम या चिखलात आणलंय. छळणारे येशूचेच आणि छळले जाणारेही येशूचेच. फरक इतकाच, की एकाच्या येशूला सरकारी तिजोरी आहे.

ती तिजोरी कशी चालते तेही बघून घ्या. व्हर्जिनियाचं अधिकृत चर्च अँग्लिकन. त्याच्या पाद्र्याचा पगार नाण्यांत नाही, तंबाखूत: 1696 च्या कायद्याने वर्षाला 16,000 पौंड, म्हणजे सव्वासात टन पान. ती प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, करदात्यांनी भरायची. तुम्ही बॅप्टिस्ट असा, प्रेस्बिटेरियन असा, क्वेकर असा, तंबाखू द्यायचीच. आणि बॅप्टिस्ट उपदेशकाने तुमचं लग्न लावलं तर कायद्याच्या लेखी ते लग्नच नाही.

नाक मुरडू नका. याच वर्षी पुण्यात थोरले माधवराव पेशवे राज्य करताहेत, श्रावणात पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांना सरकारी खजिन्यातून दक्षिणा वाटली जाते, आणि तो खजिना भरतो कुणब्याच्या साऱ्याने. त्याला कोणी विचारत नाही, तुझं पटतं का. अठराव्या शतकात जगभर असंच चाललंय. कोणी विचारायचं असतं हेच मुळात कोणाच्या डोक्यात नाही. इथे, या तुरुंगापाशी, ते येऊ लागलंय.

शेजारच्या ऑरेंज काउंटीत एक किरकोळ अंगाचा, सतत आजारी वाटणारा जमीनदाराचा मुलगा राहतो. प्रिन्स्टनच्या कॉलेजात शिकून आलाय. 1774 च्या जानेवारीत तो फिलाडेल्फियातल्या मित्राला पत्र लिहितो आणि त्यात एकदम भडकतो: शेजारच्या काउंटीत पाच-सहा सज्जन माणसं केवळ त्यांच्या धर्ममतांसाठी कोठडीत आहेत. तो स्वतः बॅप्टिस्ट नाही, होणारही नाही. वय 22. नाव जेम्स मॅडिसन.

दहा वर्षं पुढे चला. 1784 चा नोव्हेंबर, रिचमंड. जेम्स नदीकाठचं हे गाव राजधानी होऊन चार वर्षं झालीत आणि अजून राजधानीसारखं दिसत नाही. विधिमंडळ तात्पुरत्या लाकडी इमारतीत भरतं. आत या. शेकोटीचा धूर, ओल्या लोकरीचा वास. आमदारांत बरेचसे तंबाखूचे जमीनदार आहेत, आणि या जमीनदारांच्या शेतात कोण राबतं ते तुम्ही कल्पेपरला पाहिलंय.

मधल्या काळात राजा गेला, युद्ध झालं, अमेरिका स्वतंत्र झाली. 1776 मध्ये व्हर्जिनियाने हक्कांचा जाहीरनामा काढला, तेव्हा मसुद्यात धर्माच्या बाबतीत सहिष्णुता द्यावी असं होतं. 25 वर्षांच्या मॅडिसनने ते बदलून घेतलं: धर्म पाळण्याचा हक्क सगळ्यांना सारखा. जो सहन करतो तो उद्या सहन करायचं थांबवूही शकतो, हे त्याने ओळखलं होतं. त्यानंतर चर्चचा कर आधी स्थगित झाला आणि 1779 मध्ये रद्दच झाला.

आणि आता तो परत आणायचा प्रस्ताव समोर आहे. आणणारा कोणी जुना राजनिष्ठ नाही. स्वातंत्र्यलढ्यातलाच पुढारी पॅट्रिक हेन्री आहे.

बोलू दे त्याला, ऐका. अमेरिकेत याच्यासारखा वक्ता दुसरा नाही म्हणतात. सुरुवात अगदी हळू, अडखळत. मग आवाज चढत जातो आणि लाकडी भिंती लहान वाटू लागतात. मुद्दा साधा आहे. युद्धानंतर चर्चं ओस पडलीत, पाद्री उपाशी आहेत, लोकांची नीती ढासळलीय. ज्या राष्ट्रांतून धर्म उठला ती राष्ट्रं बुडाली. तेव्हा ख्रिस्ती धर्माच्या शिक्षकांसाठी थोडा कर बसवावा.

विधेयक वाचा आणि प्रामाणिकपणे सांगा, तुम्ही विरोधात मत दिलं असतंत का? यात कोणतंही एक चर्च अधिकृत नाही. कर भरताना आपला पैसा कोणत्या ख्रिस्ती पंथाला जावा ते तुम्हीच सांगायचं. बॅप्टिस्टाचा पैसा बॅप्टिस्टाला, प्रेस्बिटेरियनचा प्रेस्बिटेरियनला. क्वेकर आणि मेनोनाइट यांच्यात पगारी पाद्री नसतात, म्हणून त्यांना वेगळी सवलत. कोणत्याच पंथाचं नाव घ्यायचं नसेल तर तुमचा पैसा शिक्षणाकडे जाईल. रिचर्ड हेन्री लीसारखे स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी याच्या बाजूने आहेत, जॉन मार्शलही आहे. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन पुढच्या वर्षी एका पत्रात लिहिणार आहे, की ज्या धर्माला माणूस आपला म्हणतो त्याच्यासाठी त्याला पैसे द्यायला लावलं तर आपल्याला त्यात धास्ती वाटत नाही. मात्र हा वाद उकरला नसता तर बरं झालं असतं. वॉशिंग्टन त्याला शोभेल असं बोलला: तत्त्वाला हो, भांडणाला नको.

दुष्ट विधेयक हाणून पाडणं सोपं असतं. हे उदार, समंजस, सगळ्यांची सोय बघणारं आहे. म्हणूनच मला वाटतं, की धर्म आणि कायदा यांच्या नात्याची खरी परीक्षा त्या तुरुंगापाशी झाली नाही. ती या खोलीत होतेय.

11 नोव्हेंबरला, असा कर बसवावा हा ठराव 47 विरुद्ध 32 मतांनी मंजूर होतो.

मॅडिसन उठतो. पुढे झुका, नाहीतर ऐकू येणार नाही. त्याचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतच पोचतो. तो हेन्रीसारखं भिडत नाही, वकिलासारखे प्रश्न विचारतो. त्याची टिपणं आज उपलब्ध आहेत. कायद्यात ख्रिस्ती धर्म असं लिहिलंत ना? मग ख्रिस्ती कोण हे ठरवावं लागेल. कोण ठरवणार? न्यायालय. म्हणजे न्यायाधीशाने आधी ठरवायचं की बायबल कोणतं: हिब्रू, ग्रीक की लॅटिन? कोणती प्रत, कोणतं भाषांतर? कोणते ग्रंथ अस्सल, कोणते प्रक्षिप्त? त्रैक्य मानणारा ख्रिस्ती, मग न मानणारा कोण? मुक्ती श्रद्धेने मिळते की कर्माने? तंबाखूच्या वजनाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधीशासमोर हे सगळं येऊन पडणार.

सभागृहात थोडी चुळबुळ होते. तुम्ही मात्र हसला असाल, कारण तुम्ही महाराष्ट्रातून आलाय आणि हा खटला तुम्ही पाहिलाय.

1947 मध्ये साने गुरुजी पंढरपुरात विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. 1948 मध्ये अहमदाबादेत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई प्रांतातच, स्वामीनारायण पंथाचे काही अनुयायी कोर्टात गेले. म्हणणं असं, की आम्ही हिंदूच नाही, त्यामुळे हिंदू मंदिरांचा कायदा आम्हाला लागू नाही. निकाल 1966 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि लिहिला सरन्यायाधीश पी. बी. गजेंद्रगडकरांनी. हिंदू कोण हे ठरवायला त्यांनी वेदांपासून सुरुवात केली, तत्त्वज्ञांची मतं धुंडाळली, लोकमान्य टिळकांनी केलेल्या व्याख्येचा आधार घेतला. मॅडिसनने ज्याची भीती घातली होती तेच काम, अगदी तसंच.

पण थांबा. गजेंद्रगडकरांनी ते काम केलं नसतं तर मंदिराचं दार बंदच राहिलं असतं. आपल्याकडे देवळाच्या आत ज्याच्यावर अन्याय होत होता त्याला बाहेरच्या सरकारचाच आधार होता. व्हर्जिनियातल्या बॅप्टिस्टाला हवं होतं सरकारने धर्मातून बाहेर जावं. पंढरपूरच्या पायरीशी थांबवलेल्या माणसाला हवं होतं सरकारने आत यावं. आपल्या राज्यघटनेने म्हणूनच धर्मस्वातंत्र्याच्या कलमातच मंदिरं हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला. धर्म आणि राज्य यांच्यामधली अमेरिकेची भिंत जशीच्या तशी उचलून इथे आणा म्हणणाऱ्यांनी हे नजरेआड करू नये. आणि राज्याला आत घेतलं की न्यायाधीश पंडित होतो, हा मॅडिसनचा हिशेबही चुकलेला नाही. दोन्ही खरं आहे, आणि आपण गेली 75 वर्षं दोन्ही एकदम सांभाळत आलोय.

चला, रिचमंडला. इथे आता निव्वळ राजकारण होतं, आणि ते चवीने बघण्यासारखं आहे. नोव्हेंबरच्या मध्यात पॅट्रिक हेन्रीची गव्हर्नरपदी निवड होते. अभिनंदन, टाळ्या, जेवणं. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरला कायद्यावर नकाराधिकार नाही, आणि गव्हर्नर झालेला माणूस सभागृहात भाषण करू शकत नाही. मॅडिसनला याहून सोयीची बढती सुचली नसती. त्याचा मित्र थॉमस जेफरसन या वेळी पॅरिसमध्ये आहे. तिकडून तो लिहितो, की हेन्रीच्या बाबतीत करण्यासारखी एकच गोष्ट आहे, त्याच्या मरणासाठी मनोभावे प्रार्थना. प्रार्थनेवर ज्याचा फारसा भर नाही त्याने हे लिहावं, ही गंमत.

नाताळच्या आदल्या दिवशी, 24 डिसेंबरला, विधेयकाचं तिसरं वाचन पुढच्या नोव्हेंबरवर ढकललं जातं. 45 विरुद्ध 38. विधेयक मेलं नाही. फक्त छापून काउंटी-काउंटीत पाठवायचं ठरलंय, लोकांचं मत कळावं म्हणून.

1785 चा उन्हाळा. ऑरेंज काउंटी. तंबाखूची रोपं लावून झालीत आणि पानं हाताएवढी होऊ लागलीत. तुम्ही एका बॅप्टिस्ट शेतकऱ्याच्या ओसरीत बसलाय. फळीवर एक छापील कागद आहे, खाली सह्यांसाठी कोरी जागा. लेखकाचं नाव नाही. जॉर्ज मेसन आणि इतर मित्रांनी तो लिहून घेतला, छापून पसरवला. लिहिणारा मॅडिसन आहे हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक. त्या उन्हाळ्यात मात्र गुपित होतं.

शेतकऱ्याला वाचता येतं, पण सावकाश. तो बोट ठेवून वाचतो. पंधरा मुद्दे आहेत. सगळे त्याला पटत नाहीत. काही जरा पुस्तकी वाटतात. तिसऱ्या मुद्द्यापाशी त्याचं बोट थांबतं. जे सरकार आज माणसाला त्याच्या मिळकतीतले फक्त तीन पेन्स एका धर्मसंस्थेसाठी द्यायला लावू शकतं, तेच सरकार उद्या त्याला हव्या त्या धर्मापुढे वाकवू शकतं.

“बंधू,” तो तुम्हाला म्हणतो, कारण इथे एकमेकांना तसंच म्हणतात, “माझ्या भावाला यांनी कोठडीत टाकलं होतं. आता तेच लोक म्हणतात, तुझ्याच पाद्र्यासाठी तुझ्याकडून पैसे घेतो. घ्या म्हणू?”

“पैसे तुमच्याच चर्चला मिळणार आहेत,” तुम्ही म्हणून बघता.

“मिळतील. आणि मग आमच्या पाद्र्याला पगार कोण देणार? शेरीफ. मग तो रविवारी कोणाकडे बघून बोलणार?”

मला वाटतं, या वादातला सगळ्यात धारदार मुद्दा हाच आहे, आणि तो सरकारच्या बाजूचा नाही, धर्माच्या बाजूचा आहे. मॅडिसननेही तो लिहिलाय: सरकारी आश्रयाची पंधरा शतकं बघा, पाद्र्यांत आळस आणि गर्व, भक्तांत अज्ञान आणि लाचारी, दोघांत अंधश्रद्धा आणि छळ. धर्माला सरकारी टेकू लागतो असं म्हणणं म्हणजे त्याच्या सत्यावर आपलाच विश्वास नसल्याची कबुली. अनेक बॅप्टिस्टांचे स्वतंत्र अर्जही याच सुरात आहेत, आणि सह्या मॅडिसनच्या कागदापेक्षा त्यांच्या अर्जांवर जास्त पडल्या. आधी दोन्हीकडे पाय ठेवून असलेले प्रेस्बिटेरियनही विरोधात उतरले. शरद ऋतूपर्यंत रिचमंडला दहा हजारांहून जास्त विरोधी सह्या पोचतात.

तुम्ही सही करा, हरकत नाही. ओसरीतून समोर शेतात वाकलेली माणसं दिसतात, त्यांना मात्र सही करता येत नाही. मॅडिसनच्या स्वतःच्या मळ्यातही अशीच माणसं वाकलेली आहेत. मनाच्या गुलामीवर इतकं स्वच्छ लिहिणाऱ्याला शरीराची गुलामी खुपत होती, पण आयुष्यभर त्याने ती सोडली नाही. याला मी तळटीप म्हणणार नाही. तंबाखू त्यांच्या हाताने पिकते, आणि चर्चचा कर ज्या तंबाखूने भरला जात होता तीही त्यांनीच पिकवलेली.

ऑक्टोबरात विधिमंडळ भरतं तेव्हा हेन्रीचं विधेयक कोणी हातात घ्यायलाही तयार नाही. मॅडिसन ही वेळ साधतो. जेफरसनने 1777 मध्ये लिहिलेलं आणि 1779 पासून धूळ खात पडलेलं धर्मस्वातंत्र्याचं विधेयक तो कपाटातून बाहेर काढतो. मूळ कायदा एका लांबलचक वाक्याचा आहे: कोणालाही कोणत्याही पूजास्थानी जाण्याची किंवा त्याला पैसे देण्याची सक्ती होणार नाही, धर्ममतापायी कोणाला त्रास होणार नाही, आणि त्या मतांमुळे नागरिक म्हणून कोणाचे हक्क कमी होणार नाहीत की वाढणार नाहीत. प्रस्तावना मात्र ऐसपैस.

त्या प्रस्तावनेवरून जे झालं त्यासाठी मी तुम्हाला परत गॅलरीत आणलंय. प्रस्तावनेत म्हटलंय, की सक्ती करणं हे आपल्या धर्माच्या पवित्र कर्त्याच्या योजनेविरुद्ध आहे. एक सदस्य उपसूचना मांडतो: त्या जागी येशू ख्रिस्ताचं नाव घाला. दिसायला निरुपद्रवी. सभागृहात जवळजवळ सगळेच ख्रिस्ती, नाव घातलं तर बिघडलं कुठे?

उपसूचना मोठ्या बहुमताने पडते.

अनेक वर्षांनी, 1821 मध्ये, म्हातारा जेफरसन आत्मचरित्रात या मतदानाचा अर्थ सांगतो: या कायद्याच्या छत्राखाली ज्यू आणि इतर, ख्रिस्ती आणि मुसलमान, हिंदू आणि हर तऱ्हेचा नास्तिक, सगळे यावेत असा हेतू होता. हिंदू. 1785 च्या रिचमंडबद्दल लिहिताना जेफरसनने कोणाला डोळ्यांसमोर धरून हा शब्द वापरला? बहुधा कोणालाच नाही. त्या दिवशी सभागृहात हिंदू असा कोणी असलाच तर तो गॅलरीत बसलेले तुम्ही. न बघितलेल्या माणसासाठी जागा राखून ठेवणं हे कायदा करणाऱ्यांना क्वचित जमतं.

17 डिसेंबरला विधेयक 74 विरुद्ध 20 मतांनी खालच्या सभागृहात मंजूर होतं. सिनेट प्रस्तावनेतल्या बुद्धिवादाच्या काही ओळी छाटतं. जानेवारी 1786 मध्ये कायदा होतो. शेवटच्या कलमाकडे बघा, असं कलम मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही: आमच्यानंतरच्या विधिमंडळाचे हात आम्ही बांधू शकत नाही, त्यामुळे हा कायदा अपरिवर्तनीय म्हणण्यात अर्थ नाही, पण उद्या कोणी तो रद्द केला तर तो माणसाच्या नैसर्गिक हक्कावर घाला असेल. आपल्या अधिकाराची मर्यादा मान्य करून वर पुढच्यांना दम देणारा कायदा.

टाळ्या वाजवताय? वाजवा, पण याच अधिवेशनात मॅडिसनने जेफरसनच्या त्याच गठ्ठ्यातून आणखी एक विधेयक मांडलंय: रविवारी कामधंदा करणाऱ्याला दंड. तेही पुढच्या वर्षी मंजूर झालं. भिंत बांधणाऱ्यांनीच रविवार भिंतीच्या आत घेतला. याने त्यांचं काम छोटं होत नाही असं मला वाटतं, पण त्यांना पुतळे करून बघायची सवय असेल तर ती मोडते.

संघराज्याची घटना आणि तिच्यातली पहिली दुरुस्ती, जी 1791 मध्ये अमलात आली, यांच्याकडे मी तुम्हाला नेत नाही. त्यावर पुस्तकांचे ढीग आहेत. सरळ वॉशिंग्टन शहरात या. तारीख 1 जानेवारी 1802. रस्ते अर्धवट, राष्ट्राध्यक्षांचं घर अर्धवट, आणि दारात चीज.

हो, चीज. चार फूट रुंदीची, 1,235 पौंडांची, म्हणजे साडेपाचशे किलोंहून जड चक्की. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या लोकांनी 900 गाईंच्या दुधातून ती बनवली आणि बर्फातून, पाण्यातून, रस्त्यावरून इथवर आणली. गुलामांच्या श्रमाचा एक थेंब यात नाही हे ते अभिमानाने सांगतात. म्होरक्या जॉन लेलंड, बॅप्टिस्ट उपदेशक. कल्पेपर-ऑरेंज भागात तो अनेक वर्षं राहिला, व्हर्जिनियातल्या त्या लढ्यात होता. आपल्या मॅसॅच्युसेट्समध्ये परत गेला तर तिथे चर्चचा कर अजून जिवंत. त्याच्यासारख्यांना सूट हवी असेल तर आपण खरोखर दुसऱ्या चर्चचे आहोत असा दाखला दाखवावा लागतो. जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून त्यांना इतका आनंद, की त्यांनी चीज केलं. भेटी स्वीकारायच्या नाहीत असा जेफरसनचा नियम, म्हणून त्याने 200 डॉलर मोजले.

त्याच दिवशी तो कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना एका पत्राचं उत्तर पाठवतो. चर्च आणि राज्य यांच्यामधली भिंत, हा शब्दप्रयोग याच पत्रातला. पत्राचा मसुदा बघाल तर त्यात काही ओळींवर गडद शाई फिरवलेली दिसेल. सरकारने उपवासाचे आणि आभारप्रार्थनेचे दिवस जाहीर करू नयेत असं त्यात होतं. ॲटर्नी जनरल लेव्हाय लिंकनने सुचवलं, की उत्तरेतले आपलेच लोक दुखावतील. म्हणून खोडलं. ती खोडलेली शाई एफबीआयच्या प्रयोगशाळेने 1998 मध्ये वाचून काढली.

डॅनबरीच्या लोकांना या पत्राने काय मिळालं? एक सुंदर वाक्य. पहिली दुरुस्ती फक्त काँग्रेसला बांधत होती, राज्यांना नाही. आणि राष्ट्राध्यक्षाला कनेक्टिकटच्या करावर काडीचाही अधिकार नव्हता. त्यांचं चर्च-कराचं राज्य 1818 पर्यंत चाललं. लेलंडच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर 1833 पर्यंत, तेव्हा तो 79 वर्षांचा होता.

दोन दिवसांनी रविवार. प्रतिनिधीगृहाच्या दालनात उपासना आहे, कारण शहरात पुरेशी चर्चं नाहीत. बोलणार आहे लेलंड. समोर बसलाय राष्ट्राध्यक्ष जेफरसन. बाजूला मनासे कटलर नावाचा काँग्रेस सदस्य, स्वतः न्यू इंग्लंडचा पाद्री, तोंड वाकडं करून ऐकतोय. या अडाणी उपदेशाची त्याने पुढे खिल्ली उडवली. भिंतीचं पत्र शुक्रवारी, संसदेत प्रवचन रविवारी. लेलंडला यात विसंगती दिसली नसती: कर नाही, सक्ती नाही, आळीपाळीने निरनिराळ्या पंथांचे लोक बोलतात. 1806 मध्ये तर तिथे एक बाई, डोरोथी रिप्ली, बोलली आणि जेफरसन ऐकायला हजर होता. मला मात्र हे पचत नाही. सरकारी छप्पर हाही टेकूच.

आणि मॅडिसनलाही पचलं नव्हतं. राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर त्याने स्वतःसाठी लिहिलेली टिपणं 1946 मध्ये छापून आली. त्यात तो विचारतो, काँग्रेसने सरकारी पैशातून चॅप्लिन, म्हणजे पगारी धर्मोपदेशक, नेमावे हे घटनेला धरून आहे का? आणि स्वतःच उत्तर देतो: नाही. ज्यांना हवा त्यांनी आपल्या खिशातून पैसे काढावेत.

शेवटची उडी. 12 जुलै 2007, अमेरिकेच्या सिनेटची गॅलरी. या सभागृहाच्या इतिहासात पहिल्यांदा एक हिंदू, नेवाडातले राजन झेद, कामकाजाच्या सुरुवातीची प्रार्थना म्हणणार आहेत. ते भगवे कपडे घालून उभे राहतात, आणि तुमच्याच रांगेतून ओरडा सुरू होतो. तिघं जण मोठमोठ्याने येशूची क्षमा मागताहेत, हे पाप म्हणताहेत. सुरक्षारक्षक येतात, त्यांना धरून बाहेर नेतात, अटक करतात. प्रार्थना पुन्हा सुरू होते, संपते, टाळ्या नाहीत, कामकाज चालू. त्या तिघांचा राग कोणत्या देवाचं नाव घेतलं याच्यावर होता, सभागृहात देव कशाला असा नव्हता. सिनेटच्या चॅप्लिनचा पगार त्या महिन्यातही सरकारी तिजोरीतूनच निघाला.